साळूकाकूंच्या बाजूची भिंत

१

सकाळी उठलं की आधी ह्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कूस बदलायची, मग चहा. चहा बशीत गार करून चमच्यानं पाजायचा. अर्धा आत जातो, अर्धा हनुवटीवरून उशीवर. मग अभ्रा बदलायचा. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. कोणी विचारलं, प्रतिभा, दिवसभर काय करतेस गं, तर मी सांगायचे, अभ्रे धुते.

आमचे हे, भगवंत, एसटीत ड्रायव्हर होते. घाटघरची मुक्कामी गाडी ह्यांचीच. बोलण्याची एवढी खोड की स्टिअरिंगवर बसून मागच्या सीटवरच्या म्हातारीशी गप्पा मारायचे आणि म्हातारी तिथून ओरडून उत्तर द्यायची. त्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले ते डोळे, आणि तेसुद्धा दिवसभर आढ्याला लागलेले. मुलगा सार्थक चाकणला कंपनीत आहे. तो म्हणायचा, फ्लॅटवर चला. मी म्हणायचे, "राहू दे बाबा. आमी हितंच बरे."

हितंच म्हणजे जुन्नरच्या रंगारी आळीत. आता तिला आळी म्हणायचं ते सवयीनं. मी लग्न होऊन आले तेव्हा गटाराला रोज वेगळा रंग असायचा. एक दिवस लाल, एक दिवस निळा. या माडीवरून त्या माडीवर बांबू टाकलेले आणि त्यावर रंगवलेली लुगडी वाळत घातलेली. खालून जाताना डोक्यावर टपकन थेंब पडायचा आणि सगळ्या बाया हसायच्या, "पडला गं बाई, नवरीवर रंग पडला!" पुढं रंगाच्या भट्ट्या विझल्या. शाळेच्या गणवेशांची दुकानं आली, मग कॅसेटी, मग मोबाइल. माणसं कोण नारायणगावला, कोण पुण्याला. खाली शटर आणि वर कुलूप. रविवारी किल्ल्यावर जाणाऱ्यांच्या गाड्या आळीत घुसतात, कारण फोन त्यांना सांगतो की इथून रस्ता आहे. रस्ता नाही. मग शिव्या घालत रिव्हर्स. बाकीचे दिवस आळीत कुत्रंसुद्धा उभं राहत नाही. संध्याकाळी उजेड तो फक्त आमच्या खिडकीत.

२

आमच्या डाव्या अंगाला साळूकाकूंचं घर होतं. दोन्ही घरांची भिंत एकच, सामाईक. स्वयंपाकघरात त्या भिंतीत आरपार कोनाडा. वीतभर रुंद, हातभर खोल, आणि दोन्हीकडून सरकणारी फळी. कोणाच्या पणजीनं काढून घेतला होता कोण जाणे, पण त्यातून सगळं चालायचं. विरजण, मीठ, कढीपत्ता, चार मिरच्या. साळूकाकू तिकडून फळी ठोकायच्या, "प्रतिभा, हायेस का गं?" मी इकडून म्हणायचे, "जातीय कुठं मी?"

आणि एक रीत होती. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही. विरजण आलं तर वाटी धुऊन तिच्यात साखर तरी घालायची, गुळाचा खडा तरी. काहीच नसलं तर चिमूटभर मीठ. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. हाताला सवयच तशी.

काकूंना मूल नव्हतं. कुशाबाकाका गेल्यावर त्या एकट्याच राहायच्या. पुतण्यांनी घर बिल्डरला दिलं आणि काकूंना निरगुडसरला नेलं. जाताना त्या दारात बसून राहिल्या, उठेनात. ह्यांनी हाताला धरून उठवलं. काकू म्हणाल्या, "भगवंता, तिथं भिंतीपल्याड कोन असंल रे?" वर्षाच्या आत त्या गेल्या. आम्ही दोघं दहाव्याला जाऊन आलो.

घर पाडलं तेव्हा तीन दिवस आमच्या ताटात धूळ होती. पाडून झाल्यावर बिल्डरच्या माणसांनी कोनाड्याचं तोंड त्यांच्या बाजूनं विटा लावून लिंपलं. माझ्याकडे नुसता आंधळा कोनाडा राहिला. मी त्यात काडेपेटी आणि लोणच्याची बरणी ठेवायला लागले.

३

ह्यांनी खाणं टाकलं ते माघात. दात घट्ट मिटायचे. पेज, खिमट, केळं कुस्करून, सगळं करून बघितलं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ह्या तब्येतीला ती किती दिवस मानवेल सांगता येत नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. ऐकायला होतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी काडेपेटीसाठी कोनाड्याची फळी सरकवली. बरणीच्या शेजारी वाटी होती. वाटीत विरजण.

मी काय केलं सांगू? काही नाही. वाटी उचलली, दुधाला विरजण लावलं, वाटी धुतली, तिच्यात दोन चमचे साखर घातली, परत कोनाड्यात ठेवली आणि फळी लावली. मग ह्यांचा अभ्रा बदलायला गेले. अभ्रा अर्धा चढवला आणि माझे हात थांबले.

परत येऊन फळी उघडली. काडेपेटी होती. बरणी होती. वाटी नव्हती.

४

झोप नाही, त्यामुळं डोकं फिरलं असेल असं मी स्वतःला समजावलं. जुनी वाटी असेल, मीच कुठं ठेवली असेल. पण दही तर लागलं होतं. लागलं म्हणजे कसं, सुरीनं कापावं असं. आमच्या घरी दही कधी असं लागत नाही. काकूंचं लागायचं.

ह्यांच्या ओठाला चमचा लावला. सवयीनं, आशा कसली धरणार! ह्यांनी तोंड उघडलं.

अख्खी वाटी खाल्ली. नंतर जिभेनं ओठ चाटले. मी देवासमोर दिवा लावला आणि सार्थकला फोन केला.

यशोधरा आमच्याकडे ह्यांच्या व्यायामाला यायची. दवाखान्यात नर्स, आळीच्या तोंडाशी राहते, पोर लई गुणाची. तिनं ह्यांचा हात वर-खाली केला आणि म्हणाली, "मावशी, बोटात ताकद आलीय यांच्या. काय देताय?"

"दही."

"कुठलं?"

"घरचंच की," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? भिंतीतून येतं म्हणून?

कारण ते येत होतं. एक दिवसाआड, सकाळी, वाटीत. आता मी वाटी नीट बघितली होती. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, सौ. साळुबाई. मी धुवायचे, भरायचे, ठेवायचे. साखर, शेंगदाण्याची चटणी, तिळगूळ, एकदा शिरा. माझं मन म्हणायचं, बये, हे बरं नव्हं. आणि हात भरत राहायचे. दात मिटलेला नवरा ज्या बाईनं बघितलाय तिनं मला शहाणपण शिकवावं. बाकीच्यांनी नाही.

५

एकदा मी धीर करून पलीकडे गेले. पत्र्याच्या कुंपणाला फट आहे तिथून आत शिरले. भर दुपार, ऊन चटके देत होतं.

आमची भिंत मी बाहेरून कधी पाहिलीच नव्हती. तिच्यावर काकूंचं घर अजून होतं. जिना जिथं होता तिथं पायऱ्यांच्या खुणा तिरक्या वर गेलेल्या. माडीचा निळा रंग. चुलीच्या वर धुराचा काळा पट्टा. खुंट्यांची भोकं. कोनाड्याच्या जागी विटा आणि त्यावर सिमेंट, थापीचे फराटे उमटलेले, कुठं चीर नाही. आणि खाली जमीनच नाही. बिल्डरनं गाड्या लावायला तळघर खणलेलं, मग काम थांबलेलं. मी खड्ड्यात उतरून बघितलं, कोनाडा माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. तिथं उभं राहायला माणसाला पाय ठेवायची जागा नव्हती.

म्हणजे कोणी माणूस हे करत नव्हता. ठीक. मग मीच करत असेन. मी घरी आले आणि एक जुनी साडी कोंबून कोंबून कोनाडा गच्च भरला, फळी लावली, फळीला पाटा टेकवला. पाटा मला एकटीला जेमतेम हलतो.

सकाळी पाटा जागेवर होता. पाटा बाजूला करून फळी सरकवली. साडीची घडी घातलेली होती. काठाला काठ, हात फिरवून बसवलेली, दुकानात घालतात तशी. तिच्यावर वाटी.

साडी हाताला दमट लागली. आणि तिला वास होता, भट्टीवरच्या रंगाचा. तो वास आळीतून गेला त्याला किती काळ लोटलाय, सार्थकला तर तो माहीतसुद्धा नाही.

६

ह्यांचा चेहरा भरला. डावी बाजू चांगलीच हलायला लागली. पण पलंगावर ह्यांची मान आता कायम काकूंच्या भिंतीकडे. मी ह्या बाजूला बसले की ह्यांचं लक्ष त्या बाजूला. मध्येच हसायचे. ओठ हलवायचे, आवाज न काढता, आणि मग थांबायचे. कोणी बोलत असलं की आपण थांबतो तसे.

मी म्हटलं, "अहो, हिकडं बघा की. मी हाये हिकडं."

बघितलं. आणि मी अंग पुसायला चादर बाजूला केली तर ह्यांनी डाव्या हातानं ती परत ओढून घेतली. गळ्यापर्यंत. मान खाली घातली. लाजले माझ्यापुढं! ज्या माणसाचं मी सगळं काढलं, सगळं धुतलं, तो माणूस मला लाजला, परक्या बाईला लाजतात तसा.

यशोधराला मी सगळं सांगितलं तेव्हा. ती हसली नाही. कोनाड्यात हात घालून विटा चाचपल्या, बोटानं ठोकल्या. मग म्हणाली, "मावशी, मला यातलं काय कळत न्हाई. पण त्यांना घेऊन सार्थककडं जा. आजच जा."

"तिथं गेल्यावर खातील का गं ते?"

तिनं कोनाड्याची फळी लावून टाकली. मला तेच तर ठाऊक नव्हतं. न्यावं तर उपाशी मरतील, ठेवावं तर हे असं. सांगा, काय करायला हवं होतं?

७

मग वाटी रुसली.

एका सकाळी फळी उघडली तर वाटीत विरजण नव्हतं. मी परवा दिलेला गुळाचा खडा तसाच होता. मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या. मी तो काढून करंजी ठेवली. करंजी परत आली. पुरण घातलं, ते परत आलं, वरून वाळून तडकलेलं. ह्यांनी दात मिटले. आदल्या आठवड्यात भरलेले गाल दोन दिवसांत बसले. सार्थकनं फोनवर सांगितलं, "आई, मी शनिवारी येतो, दादांना हॉस्पिटलला टाकू." टाकू, म्हणाला. बापाला, पोत्यासारखं.

मी कोनाड्यापाशी पाट घेतला आणि बसले. दुपार होती. आळीत चिडीचूप.

"काकू," मी म्हटलं. पहिल्यांदाच बोलले होते मी तिकडं. "काकू, माझं काय चुकलं का? गोड नको आसंल तर तिखट देते. काय करून देऊ, सांगा."

पलीकडे कोणीतरी खाली बसलं. बांगड्या वाजल्या, गुडघा मोडल्याचा आवाज आला, आणि दमलेल्या बाईचा उसासा. सगळं विटांच्या इतकं लगत की मी मागं सरकले.

नुसतं कोणी ऐकत असल्याचं कळत होतं.

मला रडू फुटलं. "न्हाई वो खात हे! मरतील वो! तुमी द्या. तुमाला माझ्या घरात काय नको म्हनलंय का मी कवा? तुमचंच घर हाये, काकू. काय पायजे ते न्या. इचारायचं कशाला?"

शेजारणीला म्हणतो ते हे. उंबऱ्यात घुटमळणाऱ्या बाईला सगळ्याच म्हणतात, मीही आयुष्यभर म्हणत आले. तोंडातून निघून गेलं. पलीकडे बांगड्या वाजल्या, बाई उठली. मी फळी लावली तेव्हा मला बरं वाटत होतं, हेही सांगते. मन मोकळं झालं होतं.

सकाळी काठोकाठ विरजण आलं.

८

ह्यांनी दही खाल्लं आणि झोपले. मी अभ्रे वाळत घालायला गच्चीवर गेले. दाराला आतून कडी, मागच्या दारालाही. गच्चीवर किती वेळ लागतो? दोरीवर दोन अभ्रे आणि एक चादर टाकण्याएवढा. वर असतानाच मला ह्यांचा आवाज आला असं वाटलं. मोठा, मोकळा, गाडीतला आवाज. मी ओला अभ्रा तसाच टाकून जिना उतरले.

पलंग रिकामा होता. चादर पायथ्याशी, काठाला काठ लावून घडी घातलेली. लघवीची पिशवी पलंगाच्या दांडीला तशीच, नळी खाली लोंबत होती. चपला कोपऱ्यात, काठी कोपऱ्यात. दोन्ही कड्या आतून.

मी पलंगाखाली बघितलं. कपाटात बघितलं. माणूस कपाटात मावत नाही हे कळत असूनही बघितलं. मग कोनाड्याकडे वळले, पण फळीला हात लावायचं धाडस होईना.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सार्थक आला, पोलीस आले. तळघराच्या खड्ड्यात उतरून बघितलं, विहिरी बघितल्या, डेपोत विचारलं, घाटघरपर्यंत माणसं जाऊन आली. अर्धं अंग गेलेला माणूस जाईल कुठं, असं जो तो म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. सार्थक एकदा ओरडला, "आई, तू झोपली व्हतीस का? खरं सांग!" मी खरं सांगितलं. कोनाडा, वाटी, साडी, सगळं. त्यानं हातोडी आणली आणि विटा काढल्या. विटांच्या पलीकडं सिमेंट, सिमेंट फोडल्यावर उजेड, आणि खाली खड्डा. गाडीचे टायर पडलेले, पाणी साचलेलं. बाकी काही नाही.

त्यानं हातोडी हळूच खाली ठेवली. माझ्याजवळ येऊन बसला आणि लहान पोराशी बोलतात तसं म्हणाला, "आई, चल माझ्याकडं. हितं कोनी राह्यलं न्हाई आता." मी म्हणाले, ते आले तर दार कोण उघडेल? तो रडला. जाताना गवंडी बोलावून भोक परत बुजवून गेला.

९

आज सकाळची गोष्ट. चहा ठेवला होता. एकटीचा चहा, बशीत ओतायचं कारण नाही, तरी ओतला. भिंतीतून कोणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी अंधारात हजार माणसांत ओळखेन.

मी फळी सरकवली. गवंड्यानं लावलेल्या विटा नव्हत्या. खड्डाही नव्हता. वीतभर तोंडातून दिसेल तेवढंच दिसलं. शेणानं सारवलेली जमीन, नुकतीच, अजून ओली. मागच्या अंगणात बांबूवर लुगडं, त्यातून लाल पाणी टपटपत होतं. आळीचा सगळा गलबला, बाया, भांडी, कोणीतरी कोणाला हाका मारत होतं. आणि पाटावर हे. पाठमोरे. मांडी घालून बसलेले, उजव्या हातानं भात कालवत. उजव्या हातानं! बोटं कशी भराभर चालत होती. बाजूनं एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, त्यानं पळीभर दही वाढलं आणि मागं गेला. त्या हाताच्या वरचं मला दिसलं नाही, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

"अहो," मी म्हटलं. परत म्हटलं, "अहो! मी हाये. चला ना घरी. चला."

त्यांनी वळून बघितलं. माझे हे, केस काळे, गाल भरलेले. मला बघून चेहरा खुलला त्यांचा, देवाशपथ खुलला. ओळखलं मला. डाव्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं, जरा सावरून बसले, आणि त्या मोकळ्या आवाजात, जो ऐकायला मी इतके दिवस तरसले होते त्या आवाजात म्हणाले, "कोन, वहिनी व्हय? या की. आन् भाऊ कुठं दिसंनात? घरी न्हाईत का?"

"न्हाईत," मी म्हणाले.